काचेतल्या काकू

देवस्थानाच्या मागच्या दरवाजातून बाहेर पडलेली माणसं थेट तांबटांच्या गल्लीतच येतात. भक्तीने येतात असं नाही. तिथे लोखंडी कठडेच असे लावून ठेवलेत की दुसरीकडे वळायची सोय नाही. गल्ली इतकी चिंचोळी, की समोरच्या दुकानदाराने जांभई दिली तर इकडच्यालाही येते. दोन्ही बाजूंना घागरी, तांबे, ताटल्या, दिवे, सगळं घासून लखलखीत. वळणावरच्या दुकानाला मात्र रस्त्याच्या अंगाला जमिनीपासून छतापर्यंत एक काच आहे आणि काचेच्या आत, बसक्या स्टुलावर, पुढ्यात लोखंडी खुंट घेऊन काकू बसलेल्या असतात.

गल्लीत सगळे त्यांना काचेतल्या काकू म्हणतात. वाण्याकडे निरोप द्यायचा झाला तरी, "काचेतल्या काकूंकडून आलोय" असंच सांगायचं. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांना हसू आलं होतं. पुढे सवय झाली. मग एकदा बाजारात कुणीतरी म्हणालं, "अय्या, काकू, तुम्ही बाहेर?" आणि त्यांना एकदम आपण कुठल्या तरी डब्यातून सांडलो आहोत असं वाटलं.

काकूंचं काम एवढंच. तांब्याचं भांडं खुंटावर धरायचं आणि त्याच्यावर बारीक, सारखे ठोके देत जायचं. त्याला मठारणं म्हणतात. प्रत्येक ठोक्याने इवलासा खळगा पडतो, खळग्याला खळगा लागून ओळ होते, आणि उन्हात भांडं माशाच्या पाठीसारखं चमकतं. गिऱ्हाईक ते बघतं, दोन मिनिटं थांबतं, मग दुकानात शिरून तसलंच भांडं विकत घेतं. विकायची भांडी बाहेरच्या कारखान्यातून टेम्पोने येत, एका दाबात खळग्यांसकट निघालेली. काकूंच्या हातातलं भांडं मात्र कधीच विकलं गेलं नाही, कारण ते कधी पुरंच झालं नाही. संध्याकाळी दुकान बंद झालं की त्यांचा नवरा ते मागच्या खोलीत भट्टीवर तापवी, लाकडी मोगरीने सगळे खळगे बसवी आणि गुळगुळीत करून सकाळी परत त्यांच्या पुढ्यात ठेवी. सुरुवातीला ती घागर होती. मार खाऊन खाऊन तांबं पसरत गेलं, तोंड रुंदावलं, आणि आता तिला परात म्हटलं तरी चाललं असतं.

काकूंच्या लेकीने त्या भांड्याचं नाव ठेवलं होतं घोडनवरा. "रोज हळद लागते आणि रोज लग्न मोडतं," ती म्हणायची. हा शब्द भाऊजींसमोर काढायची मात्र चोरी होती, कारण भाऊजींचंही लग्न व्हायचं राहूनच गेलं होतं.

भाऊजी म्हणजे काकूंचा धाकटा दीर. दुकान तेच बघत. वास्तविक कारागीर थोरला, म्हणजे काकूंचा नवरा. पण आयुष्यभर तांब्याच्या घणघणाटात बसून त्याचे कान गेले. कारखान्याचा माल यायला लागला तेव्हा काचेत आधी त्यालाच बसवलं होतं. काकूंच्या गप्प बसण्याची सगळी कथा तिथूनच सुरू झाली.

यात्रेकरूंचे घोळके घेऊन येणारा एक माहितीवाला होता. कमरेला छोटा लाऊडस्पीकर बांधून फिरायचा, म्हणून गल्लीने त्याला भोंगा करून टाकलं होतं. त्याने एकदा घोळक्यासमोर काकूंच्या नवऱ्याला विचारलं, "काय कारागीर, किती पिढ्यांचं काम?" नवऱ्याला ऐकू आलं नाही. तो ठोकत राहिला. भोंग्याने पुन्हा विचारलं. नवरा ठोकतच राहिला. लोक चुळबुळायला लागले, तेव्हा भोंगा जराही न अडखळता म्हणाला, "मंडळी, या घराण्यात घडण चालू असताना बोलत नाहीत. मौनात घडवलेलं तांबं. प्रत्येक ठोका ही प्रार्थना."

घोळक्यातल्या बायकांचे डोळे पाणावले. त्या दिवशी कपाटं रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दुकानावर पाटी लावली, 'मौनातली घडण', आणि भोंग्याचं कमिशन वाढवलं.

पण आठवड्याभरात, अगदी प्रार्थना रंगात आलेली असताना, काकूंचा नवरा काचेतून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "अगं, माझा चष्मा कुठंय?" बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा येतो ते कळत नाही. घोळका हसत सुटला. भाऊजी संध्याकाळी काकूंना म्हणाले, "वहिनी, तात्पुरतं तुम्ही बसा. दादाच्या कानांचं काही होईपर्यंत."

तात्पुरतं. मिरी तेव्हा रांगत होती.

मिरी म्हणजे काकूंची लेक. लहानपणी काळीसावळी, बारीक आणि जिभेवर ठेवली तर झोंबेल अशी, म्हणून मिरी. आता ती कॉलेज संपवून बसली होती. दादाच्या कानांचं काही झालं नव्हतं आणि काकू अजून तात्पुरत्याच काचेत होत्या.

माहेरी काकूंना रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू आणि रात्री आईने दिवा मालवला की बंद. अशा बाईला दिवसभर गप्प बसवणं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. घोळका समोर असला की उठायचं नाही, बोलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी ती तिच्या मर्जीने उडेपर्यंत वाट बघायची. काचेला बाहेरून मुलं नाक चिकटवत, त्यांच्या श्वासाचे ढग उमटत. काकूंना दिसे ते समोरचं दिव्यांचं दुकान, त्याच्यावर चिमूटभर आभाळ आणि येणारीजाणारी डोकी. जग एवढंच.

पण रेडिओ अगदीच बंद पडला नव्हता. काकूंनी ठोक्यांतून बोलायला सुरुवात केली होती. आत मिरी एकटी खेळत असायची, तिला काही सांगायचं तर तोंड उघडायची बंदी. मग चार जलद ठोके म्हणजे पाणी आण. दोन ठोके, थांबून एक, म्हणजे बाहेर ये. आणि न थांबता हातोडी थरथरत नेली, सरीसारखी, म्हणजे बाहेर येऊ नकोस. हा शेवटचा ठोका काकू सगळ्यांत जास्त वाजवत. लोक काचेत बघतात तशी त्यांनी पोरीकडे बघू नये, एवढंच त्यांच्या मनात असे. मिरीला अक्षरं यायच्या आधी हे ठोके येत होते. पुढे दोघींनी त्यात भर घातली. टोपीवाल्या बाईचा ठोका वेगळा, फुकट फोटो काढून सटकणाऱ्याचा वेगळा, आणि भोंग्याचा तर खासच, खुंटाच्या कडेवर घासून काढलेला, ऐकणाऱ्याच्या दातांना झिणझिण्या आणणारा. भाऊजींना वाटे, वहिनींचा हात काय छान चालतो.

मिरीच्या बाबांना यातलं काही ऐकू येत नसे. ते मागे जमिनीवर मांडी घालून बसत आणि ठोके त्यांना फरशीतून कळत. "आज तुझ्या आईचा पाय दुखतोय," ते मोठ्याने म्हणत, "ठोके जड पडतायत."

कदाचित बाबांमुळेच असेल, मिरीने शिकायला धरलं तेही कानांचंच. लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं, यंत्र बसवून द्यायचं, असा अभ्यासक्रम. दूरच्या शहरात तिला जागा मिळाली. सोमवारी सकाळी तिथे हजर राहायचं, नाही राहिलं तर पुढच्या नंबरवाल्याला जागा. म्हणजे रविवारी दुपारची बस पकडायलाच हवी. पुढची बस पोचते तोवर सोमवारची दुपार उलटलेली असते.

काकू ज्या दिवसापासून हे ऐकून होत्या, त्या दिवसापासून त्यांचं अन्न अंगी लागत नव्हतं. ती खोली कशी असेल. दाराला आतून कडी असेल का. बरोबरच्या मुली कशा निघतील. ही रस्ता ओलांडताना मोबाइलमध्ये बघते. हिला ताप आला तर सांगणार नाही, मीठ कमी पडलं तर मागणार नाही. घोडनवऱ्यावर ओळी पडत आणि प्रत्येक खळग्यात एकेक काळजी बसे.

"आई, मी चंद्रावर नाही चालले," मिरी म्हणाली.

"चंद्रावर निदान रहदारी नसते."

भाऊजींनी नाही म्हटलं नव्हतं. "बघू" म्हटलं होतं. काकूंनी ते हो धरलं आणि पोरीला सांगून ठेवलं, जाईपर्यंत दुकानात फिरकू नकोस, त्यांच्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. माणूस समोर नसलं की त्याचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही.

आणि नेमकं तेव्हाच भोंग्याच्या डोक्यातून नवीन खूळ निघालं. यात्रेकरूंना नुसतं बघून समाधान होत नाही, त्यांना हात लावायला द्यावा. म्हणजे काचेत यायचं, काकूंच्या बाजूला बसायचं, हातोडी घ्यायची आणि प्रार्थनेचे दोनतीन ठोके आपणही मारायचे. पहिल्याच दिवशी एक गोल चेहऱ्याच्या, धाप लागलेल्या बाई आत आल्या. काकूंनी सरकून जागा दिली. बाईंनी हातोडी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि मारले. टण्, टण्. मग श्वास घेतला. टण्.

दोन, थांबून एक. काकूंनी चटकन मागे पाहिलं.

आतला पडदा हलला आणि मिरी बाहेर आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, एका हातात कंगवा. "काय गं आई?" म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं, पण काचेपलीकडे गच्च उभी डोकी बघून ते तसंच मिटलं.  

"आणि ही, मंडळी," भोंग्याचा लाऊडस्पीकर किंचाळला, "पुढची पिढी. हाक मारली नाही, बोलावलं नाही. नुसती तांब्याच्या नादाने बाहेर आली."

टाळ्या वाजल्या. डझनभर मोबाइल वर झाले. काकूंनी नवऱ्याच्या मोगरीसारखा जड झालेला आपला हात उचलला, पण वाजवणार काय? येऊ नकोस म्हणायची वेळ निघून गेली होती. त्यांनी मान वळवली तर गल्ल्यावरचे भाऊजी मिरीकडे बघत होते. नवीन माल आल्यावर खोक्याकडे बघावं तसे.

रात्री जेवताना ते म्हणाले, "मिरे, तुझं ते शिकणं वाईट आहे असं नाही. पण एक वर्ष थांब. तरुण चेहरा पाहून लोक किती थांबले बघितलंस ना. आईलाही जरा आराम. एक वर्ष. तात्पुरतं."

काकूंच्या हातातला घास हातातच राहिला. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण त्या क्षणी त्यांच्या मनात पहिल्यांदा जे उमटलं ते दुःख नव्हतंच. बरं वाटलं होतं. म्हणजे दाराला कडी आहे की नाही हा प्रश्न मिटला. पोरगी डोळ्यांसमोर, चार भिंतींत. मग त्यांना आठवलं की भिंती तीनच आहेत, चौथी काच आहे, आणि तो घास त्यांनी ताटात परत ठेवला.

"तिची जागा जाईल, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"जागा? इथे काय उभं राहायला जागा नाही का तिला? वहिनी, मी काय परका आहे? पोरगी माझीही आहे."

हेच तर अवघड होतं. भाऊजी वाईट नव्हते. मिरीच्या कॉलेजची फी त्यांनीच भरली होती, दादाला सांभाळायचेही तेच. वाईट माणसाशी भांडता येतं. मिरीच्या बाबांनी सगळ्यांची तोंडं आळीपाळीने पाहिली आणि मोठ्याने विचारलं, "काय ठरलं?" मग ते आपले आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

सगळ्यांत आश्चर्य मिरीचं. जी पोरगी शब्दाला शब्द लावल्याशिवाय पाणी पीत नसे, ती म्हणाली, "बरं, काका."

दुसऱ्या दिवसापासून मिरी काचेत आणि काकू आत. इतक्या वर्षांनी त्यांना दुपारचं स्वयंपाकघर दिसलं. दुपारी तिथे किती ऊन येतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. पाय लांब करून बसल्या, तर पाय लांब होईनात. गुडघ्यांना स्टुलाची सवय. बाहेरून पोरीचे ठोके येत. टोपीवाली आली. दुसरी टोपीवाली. भोंगा, कर्रर्र. काकू तोंडाला पदर लावून हसत आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येई, की हिचा हात बसायला लागला आहे. ठोके सारखे पडतायत. अजून महिनाभर, आणि तिचेही गुडघे शिकतील.

"तू बरं का म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"तुला आराम हवाय ना."

"मी मागितला होता?"

"तू कधी काही मागतेस का?" मिरी म्हणाली आणि कंगवा घेऊन खिडकीत गेली.

रविवार उजाडला. मिरीची बॅग खाटेखाली भरलेलीच होती. कुणी ती उपसली नव्हती, कुणी तिचं नावही काढलं नव्हतं. दुपारी मोठा घोळका येणार म्हणून भाऊजींनी काच स्वतः पुसली होती. काकू आत भांडी विसळत होत्या आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडे बघत होत्या. बाहेर भोंग्याचं भाषण सुरू झालं. तेवढ्यात मिरीच्या बाबांनी खाटेखालून बॅग ओढली, मागच्या दाराशी नेऊन ठेवली, चपला घातल्या आणि बायकोकडे पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पण जेवताना माणसांची तोंडं बघून बघून ते बरंच ऐकायला शिकले होते.

काकूंनी हातातली पळी पातेल्यावर मारली. दोन, थांबून एक. बाहेर ये.

बाहेरचे ठोके क्षणभर अडखळले. मग उत्तर आलं, सलग, थरथरत, सरीसारखं. बाहेर येऊ नकोस.

काकूंनी परत पळी मारली. परत तीच सर, आधीपेक्षा लांब. काकू पातेल्यापाशी थिजल्या. ही सर जन्मभर त्यांनी वाजवली होती आणि पोरीने ऐकली होती. ती आपल्यावर अशी उलटून आल्यावर कशी लागते हे त्यांना आज कळलं. पोरगी काकांच्या भिडेने बसलेली नव्हती. ती उठली की त्या स्टुलावर कोण बसणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती बसली होती.

मिरीच्या बाबांना वाटलं, हाकेने काम होत नाहीसं दिसतंय. त्यांनी तोंडाशी हाताचा कर्णा धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "मिरे! बस! बस!"

"ऐकलंत, मंडळी?" भोंगा ताबडतोब म्हणाला. "आतून गुरूची आज्ञा. बस. उठू नकोस."

गल्ल्यावर भाऊजींनी समाधानाने मान डोलावली. काचेत मिरीच्या ओठांचा कोपरा हलला. तिला बाबांची बस कळली होती. पण ती हलली नाही.

तेव्हा काकूंनी हात पुसले, पदर खोचला आणि पडदा बाजूला सारून काचेत गेल्या. बाहेर चाळीस-पन्नास डोकी. भाऊजी गल्ल्यामागे अर्धवट उठले. त्यांचं तोंड उघडलं, "वहि—" एवढंच निघालं, आणि घोळक्यातल्या एका म्हातारीने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. दुकानावर त्यांनीच लावलेली पाटी होती, 'मौनातली घडण'. भाऊजी हळूहळू खाली बसले.

काकू मिरीच्या समोर उकिडव्या बसल्या. मिरीने मान हलवली, नाही. काकूंनी हात पुढे केला. मिरीने हातोडी घट्ट धरली. बोलायची दोघींनाही बंदी. काकूंनी तिची बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी मुठीतून माती काढायच्या तशी. मग रिकाम्या झालेल्या त्या हातावर आपल्या बोटाने सावकाश ठोके दिले. त्यात नवीन काही नव्हतं. तीच जुनी सर. मिरीने आईकडे पाहिलं. काय म्हणतेयस? काकूंनी डोळ्यांनी मागचं दार दाखवलं आणि पुन्हा बोट थरथरवत नेलं. बाहेर येऊ नकोस. इथे येऊ नकोस.

मिरी उठली. एवढी जीभ असलेली पोरगी, पण पडद्याआड जाईपर्यंत तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. निघालं असतं तर ती गेलीच नसती.

"पाहिलंत," भोंगा म्हणाला, "या घराण्याची परंपरा. हातोडी आईकडून मुलीकडे..." तो थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला. "म्हणजे, मुलीकडून आईकडे. इथली रीतच उलटी आहे, मंडळी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू स्टुलावर बसल्या. गुडघे आपसूक आपल्या जागी गेले. मागचं दार वाजल्याचं त्यांना ऐकू आलं, मग बाबांचा मोठा आवाज, "धाव, अजून मिळेल," मग तोही नाही. दाराला कडी असेल का. रस्ता ओलांडताना बघेल का. हे सगळे प्रश्न आले आणि रांगेने येऊन बसले.

संध्याकाळी भाऊजी काय बोलतील ते काकूंना माहीत होतं. बोलतील, चिडतील, दोनचार दिवस जेवताना पाठ करून बसतील. पण उद्या काचेत कुणाला बसवायचं हे त्यांना विचारावं लागणार नव्हतं.

दुपार उतरली. तिसरा घोळका आला, काचेवर श्वासांचे ढग उमटले. काकूंना तहान लागली आणि हाताने सवयीने चार जलद ठोके दिले. आत कुणी हललं नाही. त्यांनी वाट पाहिली, घोडनवरा फिरवून घेतला, आणि ज्या बाजूला बसचा रस्ता आहे त्या बाजूला किंचित मान कलती करून हातोडी सोडली, सलग, बारीक, न थांबता.

"वाः," बाहेर कुणीतरी म्हणालं, "हात बघ कसा चालतोय."